पुसलेला हात

पडद्यावर दोन फोटो दिसतायत. नीट बघा, फोटो खरं तर एकच आहे. बाईचं नाव एव्हलिन मॅनेस्टा. एप्रिल 1913 मध्ये तिने आणि तिच्या साथीदारांनी मँचेस्टरच्या कलादालनातल्या चित्रांच्या काचा फोडल्या. मागणी एकच, बायकांना मताचा हक्क. या फोटोकडे आपण परत येऊ.

त्याआधी पॅरिसला जाऊ. 16 मे 1871 रोजी कम्यूनच्या, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर राजवटीच्या, लोकांनी व्हांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडला आणि त्या पडलेल्या स्तंभापाशी हौसेने फोटो काढून घेतले. लग्नाच्या ग्रूप फोटोत उभे राहावेत तसे उभे आहेत सगळे. बाराच दिवसांत कम्यून चिरडली गेली, आणि ज्या फोटोंचा त्यांना अभिमान होता त्यांच्यावरूनच पोलीस माणसं ओळखू लागले.

पुढे तिथल्याच पोलीस खात्यातल्या आल्फोन्स बर्तियों या कारकुनाने याला शिस्त लावली. एक फोटो समोरून, एक बाजूने, अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला, सोबत डोक्याची, बोटांची, पायांची मापं. 1892 मध्ये बॉम्ब उडवणारा रावाशोल पकडला गेला. सेंत-एतियेनला पूर्वी घेतलेल्या मापांशी त्याची मापं जुळली आणि त्याचं खरं आडनाव बाहेर आलं, केनिगस्टाइन. तेव्हापासून या पद्धतीचा युरोपभर बोलबाला झाला.

पण एक गोष्ट बर्तियोंने गृहीत धरली होती: खुर्चीवरचा माणूस गप्प बसेल. मताच्या हक्कासाठी इंग्लंडच्या तुरुंगात गेलेल्या मॅनेस्टासारख्या बायका बसेनात. कॅमेरा दिसला की डोळे मिटायच्या, तोंड वेडंवाकडं करायच्या, मान झटकायच्या. हातात दुसरं काहीच उरलं नसताना चेहरा तरी आपला आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. मला यात फार मोठं धैर्य दिसतं.

मग सरकार चोरून फोटो काढू लागलं. 11 इंची लांब पल्ल्याची लेन्स विकत घेतली, आणि लंडनच्या हॉलोवे तुरुंगाच्या आवारात बायका फेऱ्या मारत असताना एक फोटोग्राफर गाडीत लपून त्यांना टिपू लागला. अशा फोटोंची पत्रकं 1914 मध्ये चित्रसंग्रहालयांकडे गेली, रखवालदारांनी चेहरे लक्षात ठेवावेत म्हणून.

आता पुन्हा मॅनेस्टा. डावीकडचा मूळ फोटो बघा. मागे एक माणूस उभा आहे आणि त्याचा हात तिच्या गळ्याभोवती आवळलेला आहे, कॅमेऱ्यासमोर मान स्थिर राहावी म्हणून. उजवीकडचा फोटो पत्रकातला. तिचा चेहरा तसाच वाकडा आहे, पण हात नाही. रंगाच्या फटकाऱ्यांनी तो झाकलाय आणि त्या जागी गळ्यापाशी स्कार्फसारखं कापड काढलंय.

रखवालदारांना दाखवलेल्या त्या फोटोतला स्कार्फ तिने कधी घातलाच नव्हता.