पोस्टरवर नसलेलं घड्याळ

[दृश्य: भिंतीवरचं पोस्टर. कॅमेरा वरून सावकाश खाली सरकतो.]

वरची दोन नावं वीतभर उंचीची. खाली येता येता अक्षरं लहान होत जातात, तळाशी तर नुसती मुंग्यांची रांग. संगीत महोत्सवाचं पोस्टर जगात कुठेही बघा, थोड्याफार फरकानं असंच. लोक वरची दोन नावं वाचतात आणि तिकीट काढतात. पण ती दोघं मिळून फार तर तीन तास मंचावर असणार, आणि महोत्सव तीन दिवसांचा. बाकीचा वेळ त्या मुंग्यांच्या रांगेसोबतच जायचा असतो. म्हणून पोस्टर तळापासून वाचायला घ्यावं. खालच्यांपैकी चार-पाच जणांना घरी बसून ऐकावं. एकाचंही गाणं पुन्हा लावावंसं वाटलं नाही, तर तो महोत्सव आपला नव्हे. वरचं लाडकं नाव स्वतंत्र मैफलीतही भेटेल.

[दृश्य: तंबोरा जुळवणारी बोटं.]

पोस्टरवर आणखी एक गोष्ट नसते. घड्याळ. हिंदुस्थानी संगीतात तर रागांच्या वेळा ठरलेल्या, म्हणून काय ऐकायला मिळणार, हे घड्याळच ठरवतं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. उघड्यावरच्या ध्वनिवर्धकांना रात्री दहाची मर्यादा आली आणि मैफली दुपारकडे सरकल्या. तोटा झालाच. मध्यरात्रीचा राग दरबारी आणि पहाटेचा राग ललत त्यांच्या वेळेला ऐकणं दुर्मीळ झालं. पण भीमपलास, मुलतानी, पटदीप या दुपारच्या रागांना हक्काची जागा मिळाली, हेही खरं. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद मात्र रात्रभराच्या बैठकींसाठीच ओळखली जाते. तेव्हा ललतची ओढ असेल, तर कोण गाणार याआधी मैफल किती वाजता संपणार, ते विचारावं.

[दृश्य: लाकडी खुर्च्यांच्या रांगा. रिकामं नाट्यगृह.]

जर्मनीतलं बायरॉइट. संगीतकार रिचर्ड वाग्नरनं स्वतःच्या संगीतनाटकांसाठी इथे नाट्यगृह बांधलं, आणि 1876 पासून महोत्सव सुरू झाला. खुर्च्या लाकडी, कडक. वाद्यवृंद मंचाखालच्या खड्ड्यात झाकलेला. एकेक प्रयोग चार-चार तासांचा, मधली विश्रांती तासाभराची. इथली तयारी एकाच गोष्टीची. आधी वाचून ठेवलेली कथा. कथानक ठाऊक नसेल, तर दुसऱ्या अंकात लक्ष संगीताकडून पाठीच्या कण्याकडे जातं.

[दृश्य: चिखल. त्यात रुतलेला एकच बूट.]

मोकळ्या रानातल्या फेस्टिव्हलचं गणित वेगळं. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी 1997 मध्ये भरलेला पहिला फुजी रॉक वादळात सापडला आणि दुसरा दिवस रद्द करावा लागला. दोन वर्षांनी तो नाएबाच्या डोंगरात गेला. पाऊस तिथेही पडतोच, लोक रेनकोट गृहीत धरून येतात. छत्री नको, मागच्या माणसाला मंच दिसत नाही. आणि बूट जुनेच बरे. नव्या बुटांनी पहिल्या संध्याकाळी टाच सोलली, की पुढचे दोन दिवस मंच दूरचा आणि तंबू जवळचा वाटायला लागतो.

[दृश्य: तळहातावर फोमचा इअरप्लग. अगदी जवळून.]

आता सामानातली सगळ्यात हलकी वस्तू. 85 डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, असं कामाच्या ठिकाणांसाठीचा एक प्रचलित मापदंड सांगतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन. 100 डेसिबलला? पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल सरासरी पातळी नेमकी हीच, 100 डेसिबल. म्हणजे नियम पाळणाऱ्या मंचासमोरही कान तासन्‌तास उघडे ठेवणं परवडणारं नाही.

पुष्कळ लोक इअरप्लग नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. बघा. बोटांत वळून त्याची बारीक वात करायची. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वरच्या बाजूला धरून वर ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटानं धरून ठेवायची. सूर ऐकू येतात, ठणका जातो. घरी चार वेळा करून पाहा, अंधारात गर्दीत जमत नाही.

[दृश्य: नकाशावर फिरणारी पेन्सिल.]

पाच-सहा मंच एकाच वेळी चालू असतात, तेव्हा काहीतरी हुकणारच. ते घरीच ठरवून टाकलं, की तिथे हळहळ कमी होते. दिवसाला दोन मैफली पक्क्या, बाकी पाय नेतील तिथे. सोबत्यांशी भेटीची जागाही आधीच ठरवावी. गर्दीत फोनचं नेटवर्क पहिल्यांदा दगा देतं.

तिकिटाचं थोडक्यात. इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरीत तिकिटावर ज्याचा फोटो, त्यालाच प्रवेश, दुसऱ्याला विकता येत नाही. शिवाय जागा मुळात शेताची, त्यामुळे काही वर्षं ती पडीक ठेवतात. 2018 ला महोत्सव झाला नाही. शेतकऱ्याला हे समजावायला नको, चाहत्यांना जड जातं. आणि पहिल्याच वर्षी नुसत्या चकचकीत जाहिरातीवर उभा असलेला महोत्सव दिसला, तर 2017 चा बहामातला फायर फेस्टिव्हल आठवा. पाहुणे बेटावर पोचले, तेव्हा अर्धवट उभे तंबू तेवढे होते.

[दृश्य: उजाडलेलं मैदान. विखुरलेली घोंगडी, मोजकी माणसं.]

परतीची वेळ ठरवताना अमेरिकेतला वुडस्टॉक महोत्सव डोळ्यांपुढे ठेवा. ऑगस्ट 1969. चार लाखांवर माणसं, पाऊस, आणि कोलमडलेलं वेळापत्रक. रविवारी रात्री समारोप करायचा तो गिटारवादक जिमी हेंड्रिक्स मंचावर आला सोमवारी सकाळी, नऊच्या सुमारास. समोरचं रान बरंचसं रिकामं झालं होतं. कामावर जायचं म्हणून लोक रस्त्याला लागले होते. त्याच्या गिटारवरचं अमेरिकेचं राष्ट्रगीत समोरासमोर ऐकलं, ते सोमवारी मोकळे असलेल्यांनी.