कुठल्या तालमीचं चित्र?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघताना शेजारचा म्हातारा दोन गोष्टी बोलतो. एक, "पट काढला बघ, आता गेला." आणि दुसरी, "कुणाचा पठ्ठ्या हा? कुठल्या तालमीचा?" पहिल्या वाक्यात पकड, वजन, पायाची जागा. दुसऱ्यात वस्ताद, पेठ, जुनी ईर्षा. दोन्ही एकाच श्वासात येतात. अमूर्त चित्रापुढं, म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू दिसत नाही अशा चित्रापुढं, उभं राहिलो की मात्र आपण दोन गट पाडतो. एक म्हणतो, रंग बघा, पोत बघा, बाकी सगळी बडबड. दुसरा म्हणतो, चित्रकार कोण, पैसा कुणाचा, राज्य कुणाचं, ते आधी सांगा.

दुसऱ्या गटाची एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. १९४९ साली अमेरिकेच्या संसदेत जॉर्ज डोंडेरो नावाच्या सभासदानं आधुनिक कला हा कम्युनिस्टांचा डाव आहे असं भाषण ठोकलं. त्याच काळात सोव्हिएत रशियात अमूर्त चित्र म्हणजे भांडवलदारांची सडकी चैन, आणि 'रूपवादी', म्हणजे आशय सोडून नुसत्या आकाराच्या मागं लागलेला, ही चित्रकाराला दिलेली शिवी. पुढं १९५८-५९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं पोलॉक, रॉथको या अमेरिकी अमूर्त चित्रकारांची चित्रं युरोपातल्या आठ शहरांत फिरवली, आणि तीच चित्रं अमेरिकी स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून बघितली जाऊ लागली. गंमत बघा, त्या आठांत स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोचं माद्रिदही होतं! शीतयुद्धातल्या सांस्कृतिक उपक्रमांमागं सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा पैसा होता, हे पुढं १९६० च्या दशकात उघड झालंच. म्हणजे एकाच शैलीवर तीन शिक्के. आता मला सांगा, नुसता संदर्भ वाचून त्या कॅनव्हासबद्दल काय कळलं? शिक्के मारणाऱ्यांबद्दल पुष्कळ कळलं.

म्हणून पहिला गट जिंकला का? रॉबर्ट मदरवेल या अमेरिकी चित्रकाराची चित्रं घ्या. पांढऱ्यावर काळे उभे पट्टे, मधे अडकलेले काळे लंबगोल. जड, कोंडलेलं काहीतरी. एवढं डोळ्याला कळतं. पण चित्रांचं नाव आहे 'स्पॅनिश प्रजासत्ताकाचा विलाप', आणि असे शंभराहून जास्त विलाप त्यानं रंगवले. यादवी युद्धात फ्रँकोपुढं हरून १९३९ ला संपलेल्या प्रजासत्ताकासाठी तो माणूस तोच काळा आकार मरेपर्यंत पुन्हा पुन्हा का काढत राहिला, हे रंगाच्या थरात सापडत नाही. मात्र नाव कळल्यावर परत बघा. काळा तोच असतो आणि तसाच राहत नाही.

आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांचं उलट झालंय. ते 'अमूर्त' शब्दही टाळायचे, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं, म्हणायचे. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवायचा, खरवडायचा. तिथं राजकारण शोधणारे हात हलवत परत येतात. पण "फक्त चित्र बघा" म्हणणारे तरी काय करतात? दोन मिनिटांत झेन, ध्यान, मौन! अहो, हे कॅनव्हासवर कुठं आहे? तोही बाहेरून आणलेला संदर्भच, फक्त अगरबत्तीच्या वासाचा.

आणि आपला कोल्हापूरचा डोळा? "हे काय आहे?" हा आपला पहिला प्रश्न. तो काही आपण जन्मतः आणलेला नाही. दरबारच्या तसबिरी, नाटकांचे पडदे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेलं हुबेहूब रेखाटन, आणि आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या इथल्या चित्रकारांच्या हातांनी तो घडवला. शाहू महाराजांचा आश्रय नसता तर कोल्हापूरला कलापूर हे नाव तरी पडलं असतं का? म्हणजे समोर ओळखीचं काही नाही म्हणून आपण चिडतो, त्या चिडण्यालाही राजाश्रयाचा इतिहास आहे. तरी आबालालांचं रंकाळा तलावाचं एखादं निसर्गचित्र समोर आलं तर काठ हातानं झाकून बघा. उरतं ते नुसतं पाणी आणि उजेड. आपण त्याला कधी विचारलं नाही, हे काय आहे म्हणून. काठ दिसतोय ना, मग चालतंय.

बोलणं पुरे. मागचे दिवे मालवा जरा. पहिली स्लाइड लावतोय, नाव आणि साल मुद्दाम झाकलंय. पाच मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. नंतर पहिला प्रश्न "कुठल्या तालमीचं?" असा आला तरी माझी हरकत नाही.