लेकरांना पोहता आलं पाहिजे

नमस्कार मंडळी. वावरातून आले असाल, हातपाय धुऊन जरा टेकले असाल, तर आज मी पाण्याबद्दलच बोलतो.

काही वर्षांआधी आम्ही घरचे चौघं, मी, बायको, पोरगी आणि बाबा, भाच्याकडे सिंगापूरला गेलो होतो. मोठमोठ्या बिल्डिंगा पाहिल्या, समुद्र पाहिला, पण अजून डोळ्यापुढून जात नाही तो जुरोंग ईस्टचा स्विमिंग कॉम्प्लेक्स. हे काही महागडं वॉटर पार्क नाही बरं का, सरकारी आहे, कोणीही तिकीट काढून आत जावं. एका पुलात मशीननं लाटा काढतात, बाजूला उंच घसरगुंड्या, आणि एक वळणावळणाचा पाण्याचा पाट, ट्यूबवर नुसतं बसायचं, पाणीच नेतं. आपला कॅनॉल आठवला मला, पण इथं काठावर जीवरक्षक उभा, त्याची नजर पाण्यावरून हलत नाही.

धोतर, साडी, सुती कपडे चालत नाहीत, धागे आणि रंग फिल्टरमध्ये जातात म्हणून. बाबांना चड्डी घेतली, बायकोला घोट्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस मिळाला, तिचा संकोच गेला आणि मग ती बाहेर यायलाच तयार नाही!

पण मला सांगायचं आहे ते पलीकडच्या पुलातलं. तिथं लहान लहान पोरंपोरी रांगेनं शिकत होते. भाचा म्हणाला, मामा, इथं २०१० पासून स्विमसेफर म्हणून कार्यक्रम आहे, प्रायमरी शाळेतल्या लेकरांना शिकवतात, सहा पायऱ्या आहेत, आणि नुसतं पोहणं नाही तर पाठीवर तरंगत राहणं, मदतीला हाक मारणं, हे सगळं. बाबा तासभर ते पाहत बसले, मग म्हणे, "हे तं आपल्या विहिरीवरचंच हाय बे, फक्त पाठीवर डबा नाही."

खरंच आहे ना. आमच्या पिढीला पाठीवर तरंगायला रिकामा बंद डबा बांधून विहिरीत ढकलून दिलं, काका वर दोर धरून उभे, आठ दिवसात पोहणं आलं. आता विहिरी आटल्या, बोअर झाले, शिकायची जागाच गेली. आणि पाणी मात्र गावात नव्या रूपानं आलं. २०१६ पासून सरकारी योजनेत मागेल त्याला शेततळं मिळायला लागलं, चांगलंच झालं, माझ्याही वावरात आहे, पण त्यात प्लास्टिकची पन्नी अंथरलेली असते आणि ओली पन्नी इतकी निसरडी की पाय टेकत नाही, हात धरत नाही, पोहता येणारा माणूससुद्धा काठाला येऊन वर चढू शकत नाही. आमच्या शेजारच्या गावातले दोन पोट्टे असेच गेले, एक घसरला, दुसरा त्याला काढायला उतरला. त्या माऊलीचं रडणं मी ऐकलं आहे, म्हणून आज इथं बोलतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगभरात ३ लाख माणसं बुडून मेली, त्यात लहान लेकरं फार. तर माझं हात जोडून एवढंच म्हणणं, शेततळ्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर सोडा, दुसरं टोक धुऱ्यावरच्या झाडाला नाहीतर खोल गाडलेल्या खुंट्याला पक्कं बांधा, जमलं तर कुंपण करा. कोणी बुडताना दिसलं तर उडी नका मारू, दोर फेका, झाकण लावलेली रिकामी कॅन फेका, लुगडं फेका, आणि ओरडा. हे लेकरांना आजच सांगा, पोरींनाही सांगा, नदीवर धुणं धुवायला त्याच जातात ना.

सिंगापूरहून आल्यावर बाबांनी घरची विहीर साफ करून घेतली, पायऱ्या बांधल्या. मागच्या उन्हाळ्यात नऊ लेकरं शिकले, त्यात पाच पोरी. बाबा काठावर, मी पाण्यात, दोर दोघांच्या हातात. यंदा अक्षय तृतीयेपासून सकाळी ६ वाजता पुन्हा सुरू करतो आहे, आमच्या पंचक्रोशीतले कोणी ऐकत असाल तर लेकरांना पाठवा, पाठीवर बांधायचा डबा घरून आणा, दोर आमचा आहे.