गोळीत औषध किती आणि बाकी काय?

(डी. फार्म. आणि बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी घेत असेल. 50 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.05 मिलिग्रॅम. गोळी 100 मिलिग्रॅमची धरली, तर तिच्यातलं 99.95 मिलिग्रॅम हे औषध नाहीच. लॅक्टोज, स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट अशी मंडळी त्यात असतात. त्यांना आपण एक्सिपियंट म्हणतो. परीक्षेत त्यांची व्याख्या 'निष्क्रिय घटक' अशी लिहिली जाते. त्या 'निष्क्रिय' शब्दावर माझा विश्वास नाही, आणि का नाही ते आज सांगणार आहे.

डोसेज फॉर्मचे, म्हणजे औषध ज्या रूपात दिलं जातं त्याचे, प्रकार तुम्ही पाठ करालच: घन, द्रव, अर्धघन, वायुरूप. त्यात फार वेळ घालवत नाही. खरी गंमत ते बनवताना कळते.

वेट ग्रॅन्युलेशन घ्या, म्हणजे पूड ओली करून तिचे दाणे बनवणं. औषध आणि लॅक्टोज एकत्र करून त्यात स्टार्चची खळ थोडीथोडी घालायची. मिश्रण मुठीत दाबलं की लाडूसारखं धरलं पाहिजे आणि बोटाने दाबलं की मोडलं पाहिजे. खळ जास्त झाली तर दाणे दगड होतात, गोळी पोटात वेळेवर फुटत नाही. कमी झाली तर मशीनमधून बाहेर येताच गोळीची टोपी, म्हणजे वरचा थर, उडते. त्याला कॅपिंग म्हणतात. दाणे वाळवून, चाळून झाले की सगळ्यात शेवटी, गोळी मशीनला चिकटू नये म्हणून, मॅग्नेशियम स्टिअरेट घालायचं, साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी, आणि मोजकी मिनिटंच फिरवायचं. विद्यार्थ्यांना वाटतं, जास्त फिरवलं तर जास्त चांगलं मिसळेल. पण हा पदार्थ पाण्याला जवळ येऊ देत नाही. जास्त फिरवला की प्रत्येक दाण्यावर त्याचा पातळ थर बसतो. मग गोळी ठिसूळ होते आणि विरघळायलाही वेळ लावते. औषध तेवढंच, घटक तेच. फरक फक्त मिक्सर किती वेळ चालला याचा.

आता रुग्णापर्यंत जाऊ. 1968 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अपस्माराचे काही रुग्ण अचानक झोकांड्या खाऊ लागले, गुंगीत राहू लागले. ते फेनिटॉइनच्या कॅप्सूल घेत होते आणि त्यांचा डोस कुणीच वाढवला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमधला फिलर, म्हणजे भर घालायचा पदार्थ, बदलला होता: कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचं शोषण कमी होत होतं. तो गेला आणि रक्तातलं प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढलं. फेनिटॉइनमध्ये गुण देणारी पातळी आणि घातक पातळी अगदी शेजारी-शेजारी असतात, म्हणून हे लगेच दिसलं. दुसऱ्या एखाद्या औषधात कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसरी घटना आपल्या मुंबईतली आहे. 1986 साली जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना ग्लिसरीन पाजलं गेलं. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ते देत असत. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. किडन्या निकामी होऊन 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. इथे ग्लिसरीन स्वतःच औषध म्हणून दिलं होतं, पण तेच ग्लिसरीन आपण सिरपमध्ये एक्सिपियंट म्हणून सर्रास घालतो. खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलं गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यातही हेच विष पुन्हापुन्हा सापडलं आहे. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकोल दोन्ही रंगहीन, दाट, चवीला गोड. डोळ्यांनी, नाकाने, जिभेने फरक कळत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, कळतो.

तुमच्यातले काही जण उद्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बसतील. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकोल, सॉर्बिटॉल सोल्युशन यांचे ड्रम आले की पुरवठादाराचं प्रमाणपत्र सोबत असेलच, आणि प्रॉडक्शनकडून फोनही येईल की बॅच अडली आहे, लवकर सोडा. तेव्हा प्रत्येक ड्रममधून नमुना काढा, एकाच ड्रमवर भागवू नका. आणि निकाल हातात येईपर्यंत त्या मालावर 'अप्रूव्ह्ड'चं लेबल लावू नका.