सातपूरच्या शेडमध्ये समुद्राचं इंजिन

(दृश्य: सातपूर एमआयडीसीतली शेड. दारात ट्रॅक्टरचे उघडे ब्लॉक. आत साखळी-कप्पीला टांगलेलं मोठं इंजिन, काळ्या रंगाचे पोपडे सुटलेले.)

या शेडमध्ये वर्षभर येतात ती ट्रॅक्टरची इंजिनं. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव. द्राक्षछाटणी जवळ आली की फवारणीचे ट्रॅक्टर एकामागोमाग कामाला निघतात आणि मिस्त्रींना जेवायलाही सवड मिळत नाही. पण कप्पीवर लटकलेलं हे धूड शेतातलं नाही. अलिबागकडच्या एका खासगी स्पीडबोटीच्या पोटातून काढून, टेम्पोत घालून, कसारा घाट चढवून ते इथवर आणलंय.

हे अमेरिकन पेट्रोल इंजिन. शेवरोलेचा बिग ब्लॉक, व्ही आकारात आठ सिलिंडर, ४५४ घन इंच, म्हणजे ७.४ लिटर. आपल्या छोट्या कारचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. या घराण्यातलं पहिलं इंजिन १९६५ साली आलं, ४५४ आलं १९७० मध्ये. मोटारींसाठी घडवलेलं हेच इंजिन पुढे मरक्रूझर या नावाने बोटींत बसलं. त्या जुन्या मॉडेलवरचा आकडा होता ३३० हॉर्सपॉवर.

मालकांची मागणी एका वाक्यात संपते. चारशेच्या वर न्या.

(दृश्य: मायको सर्कलची रहदारी. अंबडमधला लेथ. फिरता जॉब.)

बोटीचं इंजिन नाशिकला कशाला, असं कुणी विचारेल. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या मायको कंपनीचं बॉश हे नाव रूढ होऊनही इथल्या चौकाला लोक मायको सर्कलच म्हणतात. ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासून आहे. सातपूर-अंबडच्या गल्ल्यांत एका थाऊवर, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागावर, भांडणारी माणसं आहेत. किनाऱ्यावर बोटी दुरुस्त करणारे पुष्कळ. पण आठ बोअर, म्हणजे पिस्टन धावतो ती सिलिंडरची भोकं, एका मापात आणून देणारं मशीन शॉप हवं असेल तर घाट चढलेला बरा.

(दृश्य: ब्लॉक बोअरिंग मशीनवर. मिस्त्री बोअर गेज फिरवतायत.)

ट्रॅक्टरच्या बहुतेक इंजिनांत लाइनर असतो. झिजला, काढला, नवा दाबला. इथे लाइनर नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या बिडात धावतो, त्यामुळे बोअर वाढवायचा तर ब्लॉकच कापावा लागतो. आणि ब्लॉकच्या आतल्या बाजूने वर्षानुवर्षं खारं पाणी फिरलंय. बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून किती खाल्ली गेलीय ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून टूल लावण्याआधी अल्ट्रासॉनिक यंत्राने प्रत्येक सिलिंडरची जाडी मोजली जाते. ही तपासणी टाळून थेट बोअरिंगला लागणाऱ्याकडे असलं इंजिन देऊ नये, एवढं आमचं स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे बोअरिंगने ताकद जवळजवळ वाढतच नाही. ३० थाऊ कापलं की ४५४ चं ४६० घन इंच होतं. दीड टक्कासुद्धा नाही. बोअर गोल आणि सरळ करणं, एवढंच त्याचं काम. खरी वाढ हवी तर सव्वाचार इंच स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनला तेवढं वरखाली धावायला लावणारी, क्रँक घालून ४८९ घन इंचांपर्यंत जाता येतं, पण मग क्रँक, रॉड, पिस्टन सगळंच नवं. मालकांनी तो रस्ता घेतला नाही. आमच्या मते शहाणपणा केला.

होनिंग करताना, म्हणजे बोअर आतून घासून शेवटच्या मापात आणताना, मिस्त्री ब्लॉकवर पोलादाची जाड प्लेट बोल्टने आवळतात. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. ते आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो. तो वाकडेपणा आधीच आणून मग गोल करायचा, असा हिशोब. पिस्टन आणि बोअरमधली ढील मोटारीपेक्षा थोडी जास्त ठेवली जाते. बोटीत ब्लॉकला समुद्राचं थंड पाणी मिळतं आणि पिस्टन मात्र पूर्ण भाराखाली तापून फुगतो. ढील कमी पडली तर पिस्टन जागेवर धरतो.

(दृश्य: बाकावर ठेवलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर. आतून गंजाचे थर.)

आता मुद्द्याचं. मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपासून, म्हणजे कॅमपासून, सुरुवात करतात. बोटीत सुरुवात धुराड्यापासून करावी लागते. कारण बोटीचं एक्झॉस्ट ओलं असतं. मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतीतून पाणी फिरतं, रायझर नावाच्या वाकड्या नळीच्या तोंडाशी ते जळालेल्या वायूत मिसळतं आणि दोन्ही मिळून बोटीच्या मागून बाहेर पडतात. लाकूड-फायबरच्या बंदिस्त पोटात लालबुंद पाइप परवडत नाही, म्हणून ही सोय.

पण एक्झॉस्टमधला वायू एकाच दिशेने वाहत नाही, तो ठोके घेत जातो. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर उलटी ओढ तयार होते. इंजिन मंद चालू असताना इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे राहिले, तर इनटेकमधली पोकळी त्या ओढीला साथ देते आणि रायझरमधला ओलावा मागे, थेट सिलिंडरपर्यंत येतो. खारा ओलावा. व्हॉल्व्हच्या सीटवर गंज, प्लगवर गंज, मग एके दिवशी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गायब.

म्हणून रेसच्या गाडीचा कॅम बोटीत चालत नाही. त्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ मोठा असतो. मोठ्या कॅमच्या ज्या धडधडत्या आवाजावर पोरं जीव टाकतात, तोच आवाज इथे पाणी आत ओढतो. बोटीसाठी निवडलेल्या कॅममध्ये लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे, एकमेकांपासून लांब, ११२ ते ११४ अंशांवर ठेवतात. जुनं ओलं मॅनिफोल्ड तसंच ठेवायचं असेल तर ०.०५० इंच लिफ्टवर मोजलेला व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कालावधी २३० अंशांच्या आतच बरा. या इंजिनात तेवढ्यातच भागवलंय. मॅनिफोल्ड आणि रायझर मात्र नवे घेतले आणि रायझर जरा उंच निवडले, म्हणजे मागून आलेली लाट आत शिरणार नाही.

मिस्त्रींना हे सगळं नवं होतं का? ते हसले. म्हणाले, “शेठ, पाणी कुठूनही येवो, इंजिनात आलं की आपलं कामच. फक्त इथे ते मागच्या दाराने येतं.”

(दृश्य: दोन हेड शेजारी शेजारी. पोर्टमध्ये टॉर्चचा उजेड.)

ताकद खरी मिळते ती हेडमध्ये. साध्या ७.४ लिटरच्या बऱ्याच इंजिनांना बारीक पोर्टची, म्हणजे हवा जाण्याच्या अरुंद वाटांची, हेड होती. कमी फेऱ्यांवर ओढ छान, पण चार हजारांच्या वर गेलं की श्वास अपुरा. त्यांच्या जागी मोठ्या ओव्हल पोर्टची हेड, नीट कापलेल्या व्हॉल्व्ह सीट आणि त्याला साजेसं इनटेक मॅनिफोल्ड. आयताकृती पोर्टची हेड त्याहून मोठी, पण ती उंच फेऱ्यांवर खुलतात आणि कुटुंबाला फिरवणाऱ्या बोटीत तेवढ्या फेऱ्या कुणी चालवत नाही. कॉम्प्रेशनचं प्रमाण ९ च्या आसपासच थांबवलंय. मोटार चढ संपला की दम खाते. पाण्यावरची बोट म्हणजे न संपणारा कसारा घाट. थ्रॉटल पूर्ण उघडलं की इंजिनावर सतत पूर्ण भार, आणि टाकीत पंपावरचं साधं पेट्रोल. जास्त कॉम्प्रेशनवर ते आपोआप पेटून पिस्टनवर ठोका बसायला लागतो, आणि उघड्या एक्झॉस्टच्या आवाजात तो ठोका ऐकूही येत नाही.

त्यात आता ई२०. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या कार्बोरेटरला हलकं, म्हणजे इंधन कमी पडणारं, मिश्रण देतं, म्हणून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकं, मोठे लागतात. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात. इथेनॉल हवेतलं पाणीही धरतं, आणि कोकणातली बोट जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली उभी असते. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करणं हाच त्यावर उपाय.

(दृश्य: स्टँडवर इंजिन. पाण्याचं पिंप, नळ्या. पहिला स्टार्ट.)

नवा कॅम जुन्या पद्धतीच्या, लोबवर घासत चालणाऱ्या सपाट टॅपेटचा आहे. त्याची पहिली वीस मिनिटं नाजूक. इंजिन चालू झालं की आयडलवर ठेवायचं नाही. दोन हजार फेऱ्यांवर धरायचं, नाहीतर लोबला तेल पोचत नाही आणि कॅम सपाट होतो. तेलात झिंक हवं. ते आजच्या मोटारीच्या तेलात कमी झालंय, पण ट्रॅक्टरच्या डिझेल ऑइलमध्ये अजून बऱ्यापैकी असतं. शेडमध्ये ते डब्याने पडलेलं असतंच.

इथे नाशिक आपला हिशोब घालतं. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. हवा विरळ, त्यामुळे हेच इंजिन अलिबागला देईल त्यापेक्षा इथे सुमारे ६ टक्के कमी ताकद देतं. ही नुसती आकड्याची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण इथल्या हवेला जुळवलेला जेट खाली दाट हवेत गेला की मिश्रण हलकं पडतं, आणि भाराखाली हलकं मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन. इथे सूर कितीही छान लागो, अंतिम जेटिंग किनाऱ्यावरच.

(दृश्य: जुना स्टार्टर आणि मोटारीचा स्टार्टर शेजारी.)

एक गोष्ट ताकदीची नाही, जिवाची आहे. बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बोरेटर मोटारीसारखेच दिसतात आणि बाजारात मोटारीचे स्वस्त मिळतात. बोटीच्या स्टार्टर-अल्टरनेटरमध्ये ठिणगी बाहेर जाणार नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर सांडणार नाही अशी बांधणी असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती बोटीच्या तळाशी साचते आणि तिला एक ठिणगी पुरते. म्हणून बोटीत स्टार्ट मारण्याआधी ती वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर निदान चार मिनिटं चालवतात. इथे पैसे वाचवणाऱ्याची आम्हाला भीती वाटते.

(दृश्य: तीन पात्यांचा प्रोपेलर, कडेला टवके.)

समजा ३३० चे ४२० झाले. बोट किती पळेल? हल, म्हणजे बोटीचं अंग, तेच असेल तर वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सव्वापटीहून जास्त ताकद दिली, तरी ४० नॉटची बोट पोचते ४५ नॉटवर. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल मात्र ताशी सव्वाशे ते दीडशे लिटर, आणि तेही शंभरी ओलांडलेल्या दराने. मालकांना हा हिशोब ठाऊक आहे. त्यांना ते पाच नॉट हवेत, आणि भरलेली बोट पटकन पाण्यावर उचलली जायला हवी. हौसेला मोल नसतं, असं म्हणून आपण गप्प बसायचं.

ताकद वाढली की प्रोपेलरही बदलावा लागतो. पिच, म्हणजे एका फेरीत प्रोपेलर जितका पुढे जाईल ते अंतर, एक इंचाने वाढवला की फेऱ्या दीडशे-दोनशेनी उतरतात. जुना प्रोपेलर ठेवला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. फारच जड घेतला तर फेऱ्या वर येणारच नाहीत आणि इंजिन कुंथत राहील. इंजिनाची ताकद प्रोपेलरला पोचवणारा मागचा ड्राइव्ह मरक्रूझरचा ब्राव्हो आहे म्हणून ठीक. त्याच कंपनीचा अल्फा ड्राइव्ह असता तर एवढ्या ताकदीपुढे त्याचे गियर टिकले नसते.

(दृश्य: टेम्पोत इंजिन, पट्ट्यांनी आवळलेलं.)

सोबत एका डबीत तीन मापांचे जेट आहेत, सर्वांत मोठा आधी लावायचा. मिस्त्रींनी बोटीवरच्या मेकॅनिकला फोनवर सांगितलं, “दादा, आधी मोठा जेट, मग खाली या. पूर्ण थ्रॉटलवरून इंजिन एकदम बंद करायचं, प्लग काढायचे आणि आठही प्लगचे फोटो मला टाकायचे. एकजरी पांढरा दिसला, म्हणजे मिश्रण हलकं, तरी बोट धक्क्याला लावा.”