चिठ्ठी माझ्या मुठीत राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

आज पुरावा मागण्याबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणालं, माझ्याकडे दिव्य शक्ती आहे, न सांगता मला तुमच्या मनातलं कळतं, तर त्याला ‘दाखवा’ म्हणायचं की हात जोडून गप्प बसायचं? नागपूरकरांना हा प्रश्न नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये रेशीमबागेच्या मैदानावर कथा होती आणि तिच्यासोबत न सांगता मनातलं ओळखण्याचा ‘दिव्य दरबार’ही होता. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी तेव्हा जाहीर केलं, की आमच्या अटी पाळून ही शक्ती सिद्ध करा, ३० लाख रुपये देतो. ही समिती १९८२ साली स्थापन झाली, तीही आपल्याच नागपुरात. चाचणी काही झाली नाही. पोलिसांनी चौकशी करून जादूटोणाविरोधी कायद्याचा भंग दिसत नाही असं सांगितलं. पानठेल्यांवर मात्र पुढे कितीतरी दिवस दोन तट पडलेले होते.

त्या दिवसांत एक वाक्य सारखं कानावर यायचं. पुरावा मागणं म्हणजे श्रद्धेचा अपमान. मला हे कधीच पटलं नाही, कारण मी माझ्या मोठ्याईच्या हाताखाली वाढले.

मोठ्याई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नागपूरच्या महाल भागात आमचा वाडा होता. मोठ्याई चौथी शिकलेली, सोळा सोमवार करणारी, रामटेकच्या गडावर पायी चढणारी. आणि ती भिशी चालवायची. महिन्याच्या पाच तारखेला वीस-बावीस बायका आमच्या ओसरीवर जमायच्या. तिचा नियम कडक होता. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लिहायच्या, सगळ्यांसमोर घडी करायच्या, डब्यात टाकायच्या. चिठ्ठी उचलायची शेजारच्या लहान पोराने, उघडायची दुसऱ्या कुणी आणि नाव वाचायचं तिसरीने. एकाच माणसाच्या हातात सगळं द्यायचं नाही. इतक्या वर्षांत तिच्या भिशीत कधी भांडण झालं नाही.

तर आमच्या मागच्या गल्लीत एकदा एक महाराज उतरले. संध्याकाळी एका घराच्या गच्चीवर बैठक. लोकांनी घरूनच चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणायचा, चार घड्या घालून पितळेच्या परातीत टाकायचा. महाराज एक चिठ्ठी उचलायचे, न उघडता कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “उमरेडकडचा भक्त आहे. जमिनीच्या वाटणीचा प्रश्न आहे.” गर्दीतून आवाज यायचा, “हो महाराज, माझाच!” मग महाराज ती चिठ्ठी उघडायचे, वाचायचे, मान डोलवून बाजूला ठेवायचे आणि पुढची कपाळाला लावायचे. लोक रडायचे, श्रोतेहो. मी तिथे होते, मी पाहिलंय.

मोठ्याई पहिल्या संध्याकाळी नुसती बसून राहिली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “चिठ्ठी उघडणारा अन् नाव सांगणारा एकच माणूस कसा काय?”

ती तिथवर सोडूनही देती. पण आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाला फिट यायच्या. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून त्याला गोळ्या चालू होत्या आणि गोळ्यांनी पोरगं बऱ्यापैकी सावरलं होतं. महाराजांनी काकूंना सांगितलं, ही बाहेरची बाधा आहे, गोळ्या बंद करा, अनुष्ठान करू. अनुष्ठानासाठी काकू कानातले विकायला निघाल्या. ते कळल्यावर मोठ्याई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मला सोबत घेतलं.

या वेळी तिने प्रश्न लिहिला तो भिशीच्या वहीतल्या पिवळ्या कागदावर. इतरांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या. प्रश्न होता, “माझी चांदीची अत्तरदाणी कुठे गेली?” आमच्या घरात अत्तरदाणी कधीच नव्हती. तो प्रश्न दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

बैठक सुरू झाली. चार-पाच चिठ्ठ्या झाल्या. मग महाराजांच्या हातात पिवळी चिठ्ठी आली. कपाळाला लावली. मोठ्याईने माझा हात दाबला. महाराज म्हणाले, “कामठीची लेक आहे. माहेरी निरोप जात नाही.” कामठीची एक बाई उठून रडायला लागली. महाराजांनी पिवळी चिठ्ठी उघडली, डोळ्यांसमोर धरली, बाजूला ठेवली. पुढची उचलली, ती पांढरी. ती कपाळाला लावून म्हणाले, “एक माऊली आहे. चांदीची वस्तू हरवली आहे. अत्तरदाणी.”

मोठ्याई उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाली, “महाराज, सवाल माया हाये. पण माई चिठ्ठी पिवळी होती जी. ते तं तुमी आत्ताच उघडून वाचली. आता तुमच्या हातात पांढरी हाये, अन् सवाल माया सांगून राह्यले तुमी. हे कसं काय?”

गच्चीवर गडबड उडाली. महाराज म्हणाले, माऊली, शंका आली की शक्ती निघून जाते. मोठ्याई म्हणाली, “बरं, मी दुसरी चिठ्ठी लिहिते. ते माया मुठीत राहू द्या. तुमी हात नका लावू. मुठीतलं सांगा, मी तुमच्या पाया पडतो, अन् माया पाटल्या आत्ता काढून देतो.”

पाटल्या तिने खरंच देऊन टाकल्या असत्या. तिला तशी शक्ती असावी असंच वाटत होतं. तिचं म्हणणं इतकंच, की आधी कळू द्या.

महाराजांनी बैठक आटोपली. लोक महाराजांवर चिडले असतील असं तुम्हाला वाटेल. ते मोठ्याईवर चिडले. तुझ्यामुळे आमचे प्रश्न राहिले म्हणाले. काकू तर कित्येक महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. पण पोराच्या गोळ्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झाल्या आणि कानातले काकूंच्या कानातच राहिले.

युक्ती लक्षात आली ना? पुन्हा सांगते. पहिला प्रश्न सांगायचा तो गर्दीत बसवलेल्या आपल्याच माणसाचा. तो काय आहे ते आधीच ठरलेलं. तो बरोबर आला की नाही हे बघण्याच्या निमित्ताने जी चिठ्ठी उघडतात, ती असते दुसऱ्याची. तिच्यातलं वाचून घ्यायचं आणि पुढची चिठ्ठी कपाळाला लावून ते सांगायचं. सगळी करामत एक चिठ्ठी पुढे असण्यात. जादूगार रंगमंचावर हेच करतात, तिकीट लावून करतात, आणि ही कला आहे असं सांगून करतात. जादूगारांबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याकडे त्यांना पुरेसा मान मिळत नाही, गणपतीच्या मंडपात त्यांचे प्रयोग पुन्हा व्हायला हवेत.

आता माणसाबद्दलची माहिती आधी गोळा करायची असेल तर चिठ्ठीचीही गरज उरलेली नाही. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचे धर्मोपदेशक भर सभेत लोकांची नावं, पत्ते, आजार सांगायचे. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराच्या माणसांनी सभेत रेडिओ लहरी पकडणारं यंत्र नेलं. ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्यांना पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज ऐकू आला. सभेआधी लोकांकडून लिहून घेतलेली माहिती त्या नवऱ्याच्या कानातल्या छोट्या यंत्रात सांगत होत्या. आज तर लग्नाचा वाढदिवस, सासऱ्यांचं ऑपरेशन, नवी गाडी, सगळं आपणच मोबाइलवर जगाला सांगून ठेवतो. नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो तरी टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विषय वेगळा आहे, पण बोलायला हवं होतं.

रँडी यांनी पुढे दहा लाख डॉलर्सचं बक्षीस ठेवलं. हजाराहून अधिक अर्ज आले. २०१५ मध्ये ते आव्हान बंद झालं, बक्षीस कुणालाच मिळालं नाही. त्याच्याही आधी, १९६३ साली, श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर यांनी एक लाख रुपयांचं आव्हान दिलं होतं. १९७८ साली ते गेले, तेव्हाही ती रक्कम तशीच होती.

महाराष्ट्रातलं सगळ्यात नेटकं उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचं. त्यांनी पुण्यात सहकाऱ्यांसह २०० पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. त्यातल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास बरोबर आली असती. इथे महत्त्वाचं काय? अट आधी ठरली होती. कितीला जमलं म्हणायचं, तेही आधी ठरलं होतं. अट आधी ठरली, की नंतर ग्रह फिरले, वेळ चुकली, श्रद्धा कमी पडली, असं म्हणायला जागा राहत नाही.

हे शिकवायची जागा खरं तर शाळेची प्रयोगशाळा. पण किती शाळांत ती उघडी असते? कपाटात परीक्षानळ्या धूळ खात पडलेल्या आणि मुलं प्रयोगाची आकृती वहीत काढून गुण मिळवतात. मी सगळा जन्म विज्ञान शिकवण्यात घालवला, म्हणून मला याचा फार त्रास होतो. संविधानाच्या ५१ क कलमात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेलं आहे. ते पार पाडायला निदान एक मेणबत्ती आणि एक काचेचा ग्लास तरी मुलाच्या हातात द्या.

आणि घरात कुणी आजारी असेल तर एक गोष्ट लिहून ठेवा. औषध बंद करा असं डॉक्टरांशिवाय कुणीही सांगितलं, तरी औषध बंद करायचं नाही. फिटच्या गोळ्या अशा एकाएकी बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. पुन्हा सांगते, गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे घेणं हाही गुन्हा आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं काम केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला, तो आपल्याच नागपूरच्या अधिवेशनात. तक्रार तुमच्या पोलीस ठाण्यातच करायची, कायद्यात त्यासाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे.

पुढच्या बुधवारी याच वेळी भानामतीबद्दल बोलू. घरावर दगड पडणं, दोरीवर वाळत घातलेले कपडे पेटणं, असे प्रकार तुमच्या गावात झाले असतील आणि त्यामागचा माणूस सापडला असेल, तर तो कसा सापडला ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. नमस्कार.