धमनीच्या भिंतीत काय चालते

श्रोतेहो, हृदयविकाराविषयी बोलताना आपण सारेच, आणि त्यात आम्ही डॉक्टरही आलो, नळाचा दाखला देतो: नळात गाळ साचतो, पाणी अडते, गाळ काढला की काम झाले. रुग्णाला समजावायला तो सोयीचा आहे. पण अँजिओग्राफीत जेमतेम चाळीस टक्के अरुंद दिसलेल्या जागीच एखाद्याला झटका का यावा, आणि दुसरा माणूस ऐंशी टक्के अरुंद झालेली धमनी घेऊन, जिना चढताना छाती भरून येते एवढ्याच तक्रारीवर, वर्षानुवर्षे का निभावून न्यावा, या प्रश्नाला त्या दाखल्यात उत्तर नाही. ते शोधायचे तर पोकळी सोडून भिंतीकडे पाहावे लागते, कारण धमनीची भिंत ही जिवंत ऊती आहे आणि जिवंत ऊतीला इजा झाली की तिथे दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच जर्मनीतील रुडॉल्फ व्हिर्खो यांनी धमन्या अरुंद करणारा हा आजार म्हणजे धमनीच्या आतल्या थराचा दाह आहे असे म्हटले होते. व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकितान्स्की यांना तो दाह मूळ कारण वाटत नव्हता, तर मागाहून होणारा परिणाम वाटत होता. वाद तिथेच राहिला, कारण तो सोडवण्याचे साधन दोघांकडेही नव्हते. पुढे १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर निर्माण करून दाखवले, आणि संशोधनाचा सारा ओघ कोलेस्टेरॉलकडे वळला. तो योग्यच वळला, हे मी मुद्दाम सांगतो. कारण ‘दाह’ हा शब्द ऐकला की कोलेस्टेरॉलची गोष्ट खोटी ठरली असा अर्थ काढणारे आजकाल पुष्कळ भेटतात. सिअॅटलच्या रसेल रॉस यांनी १९९९ साली हा दाहजन्य आजार असल्याचे ठामपणे मांडले, तेव्हाही त्यांनी कोलेस्टेरॉलला बाजूला काढले नव्हते.

प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते पाहू. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, विशेषतः जिथे धमनीला फाटे फुटतात आणि प्रवाह विस्कळीत होतो अशा ठिकाणी. तिथे त्यांच्यात रासायनिक बदल होतात. मग एरवी रक्तातील पेशींना चिकटू न देणारे अस्तर आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करते, पांढऱ्या पेशी त्यांना धरून आत उतरतात, चरबी गिळतात आणि गिळतच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी फेसाने भरल्यासारख्या दिसतात. त्या मेल्या की मध्यभागी मऊ गाभा साचतो आणि त्यावर कोलॅजनचे आवरण तयार होते. झटका येणार की नाही हे बहुतांशी या आवरणावर ठरते. दाह चालू असलेल्या जागी एकीकडे टी पेशी या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराच्या संदेशामुळे नवे कोलॅजन बनणे मंदावते आणि दुसरीकडे चरबी गिळणाऱ्या पेशींची विकरे जुने कोलॅजन विरघळवतात. आवरण पातळ होत जाते, आणि ६५ मायक्रॉनपेक्षाही पातळ झालेले असे आवरण फाटले की आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येऊन काही मिनिटांत गुठळी धरते. आधी वाट किती अरुंद होती, याला त्या क्षणी फारसे महत्त्व उरत नाही. आणखी एक दुवा २०१० मध्ये सापडला: कोलेस्टेरॉलचे स्फटिक पांढऱ्या पेशींतील ‘इन्फ्लमासोम’ नावाची यंत्रणा जागी करतात आणि त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेशवाहक बाहेर पडतो. म्हणजे चरबी आणि दाह हे दोन प्रतिस्पर्धी सिद्धांत नाहीतच.

आता पुराव्याकडे येऊ. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, हे शरीरात कुठेही दाह असला की यकृत रक्तात सोडते. १९३० मध्ये ते न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले. अमेरिकेतील बावीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या एका दीर्घ अभ्यासात सुरुवातीलाच रक्ताचे नमुने गोठवून ठेवले होते. बॉस्टनच्या पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ते तपासले, तेव्हा सर्वाधिक सीआरपी असलेल्या चतुर्थांश गटाला पुढे झटका येण्याचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटाच्या सुमारे तिप्पट निघाला. आपल्याकडे तपासणीच्या पॅकेजमध्ये आता ‘एचएस-सीआरपी’, म्हणजे सीआरपीची अगदी थोडी पातळीही मोजणारी चाचणी, सर्रास असते, म्हणून सांगतो: १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर अधिक असे मानतात, पण आकडा १० च्या वर गेला तर आधी दुखरी दाढ, खोकला, लघवीचा संसर्ग शोधावा आणि तो बरा झाल्यावर तपासणी पुन्हा करावी.

मात्र धोका दाखवणारी गोष्ट धोक्याचे कारण असतेच असे नाही. ज्यांच्या जनुकांमुळे जन्मभर सीआरपी थोडे जास्त राहते, त्यांना हृदयविकार अधिक होत नाही, असे जनुकीय अभ्यासांत दिसले. याउलट इंटरल्युकिन-६ या दाहाच्या दुसऱ्या संदेशवाहकाचा संदेश जन्मतः थोडा कमी पोहोचणाऱ्या लोकांत हृदयविकार कमी आढळला. तेव्हा सीआरपी हे नुसते दर्शक आहे. कारण शोधायचे ते त्याच्या वरच्या साखळीत.

ती साखळी तोडून पाहणारी चाचणी म्हणजे ‘कँटॉस’, आणि या साऱ्या संशोधनात मला तिचे मोल सर्वाधिक वाटते. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी २ किंवा अधिक असलेले १०,०६१ रुग्ण तिच्यात होते. त्यांना इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारे कॅनाकिनुमॅब किंवा बिनऔषधी इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिले. औषधाने एलडीएल घटत नव्हते, आणि चाचणीची सारी गंमत तिथेच होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी उतरले. व्हिर्खो-रोकितान्स्की वादाला माणसांवरच्या चाचणीत मिळालेले हे पहिले ठोस उत्तर. पण त्याच चाचणीत जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. शरीराची संरक्षक फळी मोडून हृदय वाचवायचे, हा सौदा सरसकट परवडणारा नव्हता. औषध अतिमहागही होते. हृदयविकारासाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही.

मग स्वस्त पर्याय म्हणून संधिवाताचे मेथोट्रेक्सेट ४,७८६ रुग्णांवर तपासले गेले. त्याने ना इंटरल्युकिन घटले, ना सीआरपी, ना झटके. हे अपयश मला यशाइतकेच बोलके वाटते, कारण ‘दाह कमी करणारे काहीही घ्या, हृदयाला बरेच’ हा समज त्यामुळे मोडीत निघाला. हळदीच्या गोळ्या विकणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

आज चर्चेत असलेले औषध म्हणजे गाउटचे, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या एका आजाराचे, जुने कोल्चिसिन. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर चढणारी, लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी आपल्या ओळखीची; तिच्यात हेच द्रव्य असते, आणि तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. तिचा कंद खाऊन माणसे दगावली आहेत, तेव्हा औषध आणि विष यांतले अंतर इथे अगदी थोडे आहे. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिनने, २०१९ मध्ये झटक्यानंतरच्या ४,७४५ रुग्णांत हृदयाशी संबंधित घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. पुढच्याच वर्षी स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ रुग्णांत त्या ९.६ वरून ६.८ टक्क्यांवर आल्या. अमेरिकेने २०२३ मध्ये हृदयविकारासाठी त्याला मंजुरी दिली. आणि २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच औषध सुरू केलेल्या ७,०६२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही: औषध घेणाऱ्यांत ९.१, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ९.३ टक्के.

या विसंगतीचा माझा अर्थ असा की ताज्या झटक्यानंतरचा दाह आणि जुन्या थरात धुमसणारा दाह यांना एकाच मापाने मोजता येत नाही. ताज्या इजेनंतरचा काही दाह हृदयाचा स्नायू भरून येण्यासाठी लागतोच. हा तर्क आहे, सिद्ध झालेले सत्य नव्हे. तोवर कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्तदाब-मधुमेहावरील नियंत्रण आणि तंबाखू सोडणे यांच्या जागी कोल्चिसिन येत नाही. योग्य रुग्णाला ते त्यांच्या जोडीला देता येते, पण मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असताना तर मुळीच नाही, कारण त्याने कोल्चिसिन रक्तात साचून विषारी पातळी गाठते. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांचा कागद बरोबर न्यावा, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो ते याचसाठी.